सातव्या विषयाच्या वेळी मी चहा करत होती

पाणी सांडलं उपाध्यक्षांच्या हातून. उठली मी.

पहिलीच सभा होती ती. नगर परिषद नवी, मेंबर नवे, गळ्यातले हार अजून सुकले नव्हते. टेबलावर हिरवं कापड, त्यावर काचेचे ग्लास. उपाध्यक्ष मोबाइलवर बोलता बोलता वळले, कोपर लागलं, ग्लास आडवा झाला. पाणी वाहत वाहत कागदाईकडे जाऊन राहिलं. अध्यक्षांनी मान उचलली. हॉलमध्ये वीसबावीस माणसं होती. त्याईची नजर कोणावर थांबली नाही, सरळ मागच्या रांगेत माझ्यावर आली.

"अगं ए, तेवढं पुसून टाक."

अन् मी उठली. विचार नाही केला, काही नाही. दरवाज्याच्या मागं खिळ्याले फडकं टांगलेलं राहते हे मले माहीत होतं. त्या हॉलमध्ये दुसऱ्या कोणालेच माहीत नसेल. नवी पांढरी साडी होती अंगावर, निळ्या काठाची, त्याच दिवसासाठी घेतलेली. पदर खोचला. ग्लास बाजूले केले, पाणी पुसलं, फडकं खिडकीतून बाहेर पिळलं, परत खिळ्याले टांगलं. मंग येऊन आपल्या खुर्चीवर बसली. खुर्चीसमोर माझ्या नावाची पाटी होती.

कोणीतरी खिदळलं. "हाताले सवय आहे, जात नाही लवकर."

दुसरा म्हणाला, "मस्त झालं नं बे. मेंबर भी आपली, सफाई भी आपली."

सारे हसले. मीही हसली. त्याईचं हसणं मी विसरून जाईन एखाद्या दिवशी. माझं मले विसरता येत नाही.

भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव नाही सांगत, कारण असे हॉल काही एकाच गावात नसतात. या हॉलची फरशी मी सात वर्षं पुसली आहे. ठेकेदाराकडून होती मी, झाडूवाली. सकाळी सहाले रस्ता, दहाले ऑफिस. सभा राहिली का आदल्या दिवशी खुर्च्या पुसायच्या, ग्लास धुवायचे, भिंतीवरचे फोटो पुसायचे. त्या फोटोमध्ये एक आमच्या बापाचा आहे, घटना लिहिणाऱ्याचा. त्याची काच मी पदरानं पुसायची, फडक्यानं नाही. बारावी शिकलेली बाई झाडू कायले मारते, असं कोणी विचारलं का मी म्हणायची, पोट बारावी पाहत नाही.

मंग आमचा वॉर्ड राखीव निघाला, बाईसाठी. पार्टीवाले बस्तीत आले. त्याईले कमी बोलणारी बाई पाहिजे होती. मी कमी बोलायची. बस्तीनं मले मत देलं ते मात्र वेगळ्या कारणानं. दोन पावसाळे नाली तुंबली होती तं मी ठेकेदाराच्या मागं लागून ती उपसून घेतली होती, सुट्टीच्या दिवशी, स्वतः आत उतरून. लोक म्हणाले, हे आपली आहे, हेच पाठवू.

पाठवलं. अन् मी पहिल्याच दिवशी पाणी पुसून आली. घरी कोणाले सांगतलं नाही.

दुसऱ्या सभेचं सांगतो. खरं तेच सांगायचं आहे.

विषयपत्रिका तीन दिवस आधी घरी आली होती. मी वाचली, पण लेकराले गोष्ट वाचून दाखवल्यासारखी वाचली, भरभर. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. दिवाबत्ती. बाजार ठेका. सातवा विषय होता, 'घनकचरा डेपोकरिता पर्यायी जागा निश्चित करणे'. कोणती जागा, काही लिहिलेलं नव्हतं. मले वाटलं, चांगलं आहे. जुना डेपो हायवेच्या बाजूले आहे, धूर येते. हलवत असतील.

सभा चालू झाली. हजेरीच्या रजिस्टरवर मी सही केली, मोठ्या अक्षरात, पुरं नाव. पहिला विषय झाला, दुसरा झाला. आमच्याकडे विषय कसे होतात ते एकदा येऊन पाहावं कोणी. बडे बाबू वाचतात, म्हणजे सभेचं लिहिणारे बाबू. त्याईचं वाक्य पुरं व्हायच्या आधी समोरची रांग म्हणते, "मंजूर." झालं. पुढचा. लोकाईचं पाणी, लोकाईचे रस्ते, लोकाईच्या जागा. मंजूर, मंजूर, मंजूर.

चौथ्या विषयाले अध्यक्ष मागं वळले. मोठा माणूस आहे. मिलवाल्याच्या घरातला, गोड बोलते.

"ताई, आज चपराशी सुट्टीवर आहे. तुमच्या हातचा चहा होऊन जाऊ द्या. अद्रक टाकून."

'अगं ए' नाही. ताई. तुमच्या हातचा.

आता माझी चूक सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. मी खूश झाली.

काहून खूश झाली, ते आमच्या लोकाईलेच समजेल. माझं माहेर आसगावकडचं. माझी आजी धानाच्या रोवण्याले जायची, तिथं तिची कपबशी गोठ्याच्या वळचणीत खोचलेली राहायची, कान फुटलेली. चहा वरून ओतायचे, हात लागू नये म्हणून. आजीच्या हातचा चहा पिणं तं दूरच. अन् इथं अध्यक्ष, मिलवाल्याच्या घरातला, भर सभेत म्हणून राहिला का तुमच्या हातचा चहा पाहिजे. मले वाटलं, जिंकलो आपण. आजी, पाहा व, तुझ्या नातीच्या हातचा चहा हे सारे पिऊन राहिले.

मी जवळपास पळतच गेली. मागच्या खोलीत गॅस आहे. दूध ठेवलं, साखर टाकली, अद्रक ठेचाले काही सापडेना तं कपाटाच्या पितळी कुलपानं ठेचलं. वीसबावीस कप. चांगलं उकळू देलं, पातळ नको व्हायले. हॉलमधून आवाज येत होता, मंजूर, मंजूर. मी साखर चाखून पाहत होती.

ट्रे घेऊन आली तवा आठवा विषय चालू होता, खांबावरचे दिवे. अध्यक्षांनी घोट घेतला. "वा! याले म्हणतात चहा." समोरच्या रांगेनं माना हलवल्या. मी घरी जाईपर्यंत उडत होती. हे ऐकून तुमाले राग येत असेल माझा. येऊ द्या. मले तं रोज येते.

महिनाभरानं एका सकाळी शेवंता मावशी दारात आली. मावशी म्हणजे ह्याईची, माझ्या नवऱ्याची मावशी, बस्तीतली मोठी बाई, प्रचाराच्या वेळी घरोघरी माझ्यासाठी फिरलेली. कमरेवर पितळी गुंड. गुंडातलं पाणी माझ्या उंबरठ्यासमोर ओतून देलं सारं.

मी म्हटलं, "मावशी, हे काय?"

"पिऊन घे. आज हाय तोवर पिऊन घे. मंग तं तुनं आमाले कचऱ्याचं पाजाचं ठरवलं नं."

मले काही समजेना. मंग समजलं. आमच्या बस्तीच्या मागं बोडी आहे, लहान तलाव म्हणा. तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हातपंप. नळ येते आठवड्यातून दोनदा, तेही एक तास. उन्हाळ्यात साऱ्या गावाचे हातपंप सुकतात, आमचा सुकत नाही, बोडीमुळं. म्हशी तिथंच बसतात, चार घरं मासोळी धरतात, पण मुख्य म्हणजे पाणी. साठ घरं त्या एका हातपंपावर उन्हाळा काढतात. अन् त्याच बोडीच्या पल्याड, पाळीले लागून, त्या सकाळी टेप घेऊन माणसं आली होती मोजाले. बायाईनं विचारलं, काय करता? ते म्हणाले, कचरा डेपो येऊन राहिला. बाया भांडाले उठल्या. तं त्यातला एक हसला अन् म्हणाला, "आमाले कायले बोलता? तुमच्याच मेंबरबाईनं अनुमोदन देलं आहे. कागद पाहा."

मी म्हटलं, "मावशी, मी नाही देलं."

"कागद खोटा हाय का?"

"मी नाही देलं, आईची आन."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत. "खुर्चीवर बसली का सारे असेच म्हन्तात." अन् रिकामा गुंड घेऊन गेली.

त्या दिवशी मी हातपंपावर गेली तं बाया बोलायच्या थांबल्या. मले नंबर देला. आधी कधी देत नव्हत्या, भांडत होत्या, 'मेंबरीण झाली म्हणून का झालं, मागं लाग' म्हणून चिडवत होत्या. आता बाजूले सरकल्या. तो नंबर मले चपलेवानी लागला.

मी तशीच ऑफिसात गेली. बडे बाबूले म्हटलं, प्रोसिडिंग दाखवा. प्रोसिडिंग म्हणजे सभेत काय झालं ते लिहायचं बुक.

"कायले ताई? तुमाले काय समजते त्यात?"

"दाखवा."

"साहेबाले विचारा लागते."

"मी मेंबर आहे. विचारा कोणाले विचारायचं ते. मी इथंच बसतो."

दोन तास बसली. मंग त्याईनं कंटाळून बुक सरकवलं. मी पानं उलटली. निळ्या शाईत, सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. 'विषय क्रमांक सात. वॉर्डातील बोडीलगतची शासकीय जागा घनकचरा डेपोकरिता निश्चित करण्यात यावी.' खाली 'सूचक' म्हणून समोरच्या रांगेतल्या एकाचं नाव. त्याखाली 'अनुमोदक'. त्यापुढं माझं नाव. पुरं नाव, नवऱ्याच्या नावासकट. त्याखाली 'ठराव सर्वानुमते मंजूर'.

मी त्या नावावर बोट ठेवलं.

"बडे बाबू, हे मी कवा म्हटलं?"

ते खोटं नाही बोलले. त्याईले त्यात खोटं बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. चष्मा पुसत म्हणाले, "अवो ताई, कोणी म्हणत असते काय? नावं मीच टाकतो, बारा वर्षं झाली. कटकटीचा विषय असला का ज्या वॉर्डाचा असते त्याच वॉर्डाच्या मेंबरचं नाव टाकतो अनुमोदक म्हणून. म्हणजे मंग तिथले लोक ओरडत नाहीत. ओरडले तं आपल्याच माणसावर ओरडतात. जुनी पद्धत आहे, काही नवी नाही."

जुनी पद्धत. खरंच जुनी आहे. आमाले मारायची लाकडं आमच्याच डोक्यावरून न्यायची, हे जुनंच आहे.

"पण मी हॉलमध्ये नव्हती."

"हजेरीवर सही आहे नं तुमची."

तिथून मी मीराताईकडे गेली. मागच्या रांगेत माझ्या बाजूले बसते ती, शेतकऱ्याच्या घरची, दुसऱ्या वॉर्डाची मेंबर. तिनं दार लोटून घेतलं अन् हळूच सांगतलं. "तू चहाले गेली नं, तं अध्यक्ष म्हणाले, पाच-सहा राहू द्या, सात घेऊन टाका आधी. मले तवाच कसंतरी वाटलं. पण आपण काय बोलावं बाई."

सात घेऊन टाका आधी.

म्हणजे अद्रक, ताई, तुमच्या हातचा, सारं त्यासाठी. माझ्या आजीचं ते वळचणीतलं दुखणं त्याईले माहीत होतं. बरोबर तिथंच बोट ठेवलं. अपमान करून उठवलं असतं तं कदाचित मी थोडी अडली असती. मान देऊन उठवलं, तं पळत गेली.

काहून हलवायचा होता डेपो? धूर येते म्हणून नाही. हायवेच्या बाजूले प्लॉट पडले आहेत, नवा लेआउट, अन् तो कोणाचा ते गावात शेंबड्या पोरालेही माहीत आहे. कचऱ्याच्या बाजूले प्लॉट कोण घेणार? मंग कचरा उचला अन् आमच्या बोडीवर टाका.

पुढच्या सभेले वीस दिवस होते. ते वीस दिवस मी एका जागी बसली नाही. भात शिजाले ठेवायची अन् बोडीवर जायची. पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत. खुंट्या ठोकल्या होत्या, चुन्याची रेघ ओढली होती. एक दिवस मी चुना पायानं पुसला. दुसऱ्या दिवशी परत ओढलेला. जेवण जात नव्हतं. बोलाले गेली का आवाज चढायचा. पोरगी म्हणे, "आई, तू माह्यावर कायले कावून राहिली?" काय सांगू तिले?

नवरा माझा मिलमध्ये हमाल. अध्यक्षाच्या भावाची मिल. त्याईले समजलं मी काय करणार ते. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "बोलाचं तं बोल. माह्यं नाव नको घेजो तिथं."

"तुमचं नाव त्याईनं आधीच लिहिलं आहे," मी म्हटलं. "माझ्या नावाच्या मधात."

तिसरी सभा.

मी सही केली. नावापुढं वेळ टाकली. बडे बाबू म्हणाले, वेळ टाकायची पद्धत नाही. मी म्हटलं, आता आहे.

विषय एक. दर सभेचा विषय एक हाच असते, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत कोणीच नाही. बडे बाबूनं नाक चोळलं, "मागील सभेचे इतिवृत्त..."

"मंजूर," समोरची रांग.

"नाही," मी म्हटलं.

माझा आवाज फाटला. पण ऐकू गेला. समोरच्या रांगेच्या माना एकदम वळल्या. अध्यक्ष हसले, तेच गोड हसणं. "काय झालं ताई? बसा, बसा."

मी उभी राहिली. "सातव्या विषयाले अनुमोदक म्हणून माझं नाव आहे. मी अनुमोदन देलं नाही. माझं नाव काढा."

मुख्याधिकारी साहेब पुण्याकडचे, तरुण, परीक्षा देऊन आलेले. त्यांनी रजिस्टर मागवलं, पाहिलं. "ताई, आपण सभेला उपस्थित होता. सही आहे आपली."

"सही आहे. सभेले होती. सातव्या विषयाले नव्हती."

"मग कुठे होता?"

या प्रश्नाची मी वीस दिवस वाट पाहिली होती.

"मागच्या खोलीत होती. चहा करत होती. अध्यक्षांनी पाठवलं होतं, भर सभेत, साऱ्याईच्या समोर. मी गेली अन् मंग सातवा विषय आधी घेतला."

अध्यक्षाचं हसणं अजून तोंडावर होतं, पण खालून निसटून राहिलं होतं.

"अवो ताई, चहाचं काय घेऊन बसल्या! घरच्यासारखं असते हे."

मी साहेबाकडेच पाहून राहिली. "साहेब, दोनपैकी एक लिहा. एक तं माझं नाव काढा. नाही तं असं लिहा का सातव्या विषयाच्या वेळी या वॉर्डाच्या सदस्या हजर नव्हत्या, कारण अध्यक्षांनी त्याईले चहा कराले पाठवलं होतं. प्रोसिडिंगमध्ये लिहा. शिक्का मारा. मी त्याची नक्कल घेऊन कलेक्टर ऑफिसात जातो."

साहेबांनी पेन उचललं. खाली ठेवलं. परत उचललं. ते मले मदत करत होते असं कोणी समजू नका. तो कागद आपल्या सहीनं जाईल, येवढंच पाहून राहिले होते ते.

"मीराताई," मी म्हटलं, "तुमी होत्या. सांगा साहेबाले."

मीराताई आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधाले लागली. तिची पर्स लहान होती. लई वेळ शोधत होती.

उपाध्यक्ष उठले. तेच, पाणी सांडवणारे. "येवढं डोक्यावर घेतलं तं असंच होते. काल झाडू मारत होती, आज आमाले कायदा शिकवून राहिली."

मी म्हटलं, "हो. सात वर्षं मारला झाडू. तुमच्या खुर्चीखाली काय काय निघते ते मले माहीत आहे. विडीचे थुटके, खर्ऱ्याच्या पन्न्या, अन् आता हे."

मागून कोणीतरी हसलं. या वेळी माझ्यावर नाही. उपाध्यक्ष बसले.

साहेब अध्यक्षाच्या कानात काही बोलले. मंग म्हणाले, "ठीक आहे. अनुमोदकाचं नाव दुरुस्त करू. सभागृहातून दुसरं नाव सुचवा."

आता मजा पाहा. ज्या ठरावाले सारे 'मंजूर' म्हणाले होते, त्याच ठरावाखाली आपलं नाव लिहा म्हणायले कोणी तयार नाही. समोरची रांग टेबलाच्या कापडाकडे पाहून राहिली. एकाले फोन आला. एक स्वीकृत मेंबर होता, न निवडता घेतलेला, त्यानं जोशात हात वर केला, तं साहेब म्हणाले, तुम्हाला मताचा अधिकार नाही. हात खाली. सर्वानुमते म्हणे! साऱ्याईचं मत होतं, एक सूचक सोडला तं नाव कोणाचंच नव्हतं. नाव फक्त माझं स्वस्त होतं.

शेवटी अध्यक्षांनी उपाध्यक्षाकडे पाहिलं, जसं पहिल्या सभेत माझ्याकडे पाहिलं होतं, तसंच. उपाध्यक्षांनी हात वर केला. धानाचं पोतं उचलावं तसा उचलला.

मी म्हटलं, "माझा विरोध लिहा."

"लिहू नंतर."

"आता लिहा. माझ्यासमोर. अन् वाचून दाखवा."

बडे बाबूनं लिहिलं. वाचून दाखवलं, "सदर ठरावास वॉर्डाच्या सदस्यांचा विरोध." त्याच निळ्या शाईत, त्याच सुंदर अक्षरात. अन् ठराव? ठराव कायम झाला. बहुमतानं. सर्वानुमते हा शब्द तेवढा खोडला. कोणी टाळ्या वाजवल्या नाही. बाहेर पॅसेजमध्ये मीराताईनं माझा हात दाबला. मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "अंदर दाबायचा होता, बाई."

बस्तीत गेली. नक्कल होती हातात. शेवंता मावशीले वाचता येत नाही, माझ्या पोरीनं वाचून दाखवली. मावशीनं ऐकलं. विचारलं, "मंग डेपो येत नाई आता?"

"येते, मावशी. ठराव झाला आहे. कलेक्टर ऑफिसात अर्ज देतो भंडाऱ्याले. पण येऊ शकते."

"मंग तू काय केलं?"

"माझं नाव काढलं त्यातून."

मावशीनं नक्कल घडी करून परत देली. मंग म्हणाली, "नाव काढून तहान नाई जात, पोरी." तिनं शाबासकी नाही देली अन् मले पाहिजेही नव्हती. पण दुसऱ्या दिवशी हातपंपावर एका बाईनं मले मागं ढकललं, "ए मेंबरीण, नंबरनं लाग!" तवा मले रडू आलं. तिथंच, गुंड भरता भरता.

चार दिवसांनी मिलमध्ये ह्याईले सांगतलं, काम कमी आहे, उद्यापासून नको येऊ. आता ते मिळेल ते करतात. कधी रोवण्याले, कधी बांधकामावर, कधी घरीच. मले एक शब्द नाही बोलले. बोलले असते तं बरं झालं असतं, मीही भांडली असती. अर्ज देऊन मी भंडाऱ्याले तीनदा जाऊन आली. साहेब मीटिंगले आहेत, साहेब दौऱ्यावर आहेत, फाईल वर आहे, फाईल खाली आहे. बोडीवरच्या खुंट्या अजून तशाच आहेत. चुन्याची रेघ दर आठवड्याले नवी होते.

मी दर सभेले जातो. विषयपत्रिका आता घरी नाही वाचत, बस्तीत वाचतो, हातपंपाजवळ, मोठ्यानं. कुठं काय दडलं आहे ते बाया माझ्यापेक्षा लवकर ओळखतात. सभेत पाण्याची बाटली माझी घरची राहते. सभा चालू झाली का मी उठत नाही. चहाले नाही, फोनले नाही. लघवीले पण जात नाही, दोन तास, तीन तास, पोट दुखते तरी. मले माहीत आहे, मी दाराबाहेर पाय टाकला का कोणीतरी म्हणेल, आता ते घेऊन टाका.

परवा अध्यक्ष परत म्हणाले, "ताई, तुमच्या हातच्या चहाले लई दिवस झाले." समोरची रांग थांबली, पाहाले, मी काय करतो.

मी म्हटलं, "पुढचा विषय वाचा."

त्या खुर्चीवरून मी आता एकाच कामासाठी उठणार आहे. ज्या दिवशी कचऱ्याचा पहिला ट्रॅक्टर बोडीच्या पाळीवर चढेल त्या दिवशी. त्याच्या समोर जाऊन बसीन. मंग मले तिथून उठवायचा ठराव घ्या, अन् त्याच्याखाली आपापली नावं स्वतःच्या हातानं लिहा.